रिव्हर्सचा खटका

लॉरीन,

चर्चमधून आलीस की आधी जेवून घे, बिस्किटं ओव्हनमध्ये आहेत. गॅरेजचं दार मी उघडं ठेवलंय, ते लावू नकोस. कोल्बीची रेसची गाडी बघायला गिऱ्हाईक आलं तर त्याला परत पाठव.

काल तू चिडलीस, "पोरगं गेलं, आता तारा कोणासाठी जोडतोयस?" म्हणालीस. पण कोल्बी शेवटपर्यंत मागे लागला होता, "डॅडी, रेस सुटताना दाबतो ते स्टिअरिंगवरचं ट्रान्सब्रेकचं बटण गाडी मागे घेतानाही दाबून धरावं लागतं, हात अडकतो. रिव्हर्सला वेगळा खटका द्या ना!" तेवढं करायचं राहिलं होतं, ते काल केलं.

तू गेल्यावर गॅरेजमधून 'खट्' असा आवाज आला. रिव्हर्स पडताना गाडीखालून येतो, तोच. जाऊन बघतो तर खटका चालू आणि गाडी मागे सरकून दाराला टेकलेली. बॅटरी मी कालच काढून फळीवर ठेवली होती, ती तिथेच होती.

"थांब रे राजा, दार उघडतो," मी म्हणालो. खटका माझ्यादेखत बंद झाला.

ट्रॅकवर त्याचं हेल्मेट आणायला चाललोय. ते घरात नको म्हणाली होतीस, पण त्याला लागेल.

रॉईस