एकच जागा होती

गुरुवार, १२ तारीख, सकाळी
विमानतळाजवळचं हॉटेल

प्रिय बुटके,

तुला अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, खाऊनपिऊन आहे. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात आहे आणि तो खिसा मीच शिवलाय, तेव्हा त्याची काळजी नको.

हे पत्र वाचशील तेव्हा तुझं गाठीचं ऑपरेशन होऊन गेलेलं असेल आणि तू उशीला टेकून मेहुण्यांवर हुकूम सोडत असशील, असं धरून लिहितोय. आत्ता तू आत आहेस. मेहुण्यांचा मघाशी निरोप आला, 'नेलं.' एवढंच. त्या माणसाच्या अगदी जिवावर येतं शब्द खर्च करायला.

तुझ्याकडे येताना मध्ये एकदाच विमान बदलायचं होतं. जन्मात पहिल्यांदा एकटा परदेशात निघालो आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. मंगळवारी धुकं उतरलं आणि सगळी विमानं रद्द. लोक धावत सुटले, मीही धावलो. एका लांबलचक रांगेत उभा राहिलो. माझं इंग्रजी तुला ठाऊकच आहे. हो हो करत पुढे सरकत गेलो आणि शेवटी कळलं की ती रांग कॉफीची होती. हस, पण बेताने. टाके ताणतील.

बॅग त्यांनी ठेवून घेतलीय. कुठे आहे, ते कुणालाच धड सांगता येत नाही. तिच्यात तुझे चार गाऊन आहेत. पुढून उघडणारे, नाड्यांचे, काखेत शिवण न येऊ दिलेले, म्हणजे तुला हात वर करावा लागणार नाही. डाव्या बाजूला किती कापड ठेवायचं ते मात्र मला ठरवेना. इतकी वर्षं बायकांचे कपडे बेततोय, कधी कात्री अडली नव्हती. तुझी वहिनी म्हणाली, "सैलच ठेवा, मागाहून आत घेता येतं." त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

काल संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, "दादा, तू आल्याशिवाय मी आत जायची नाही, सांगून ठेवते." मी म्हणालो, "अगं, विमानात जागाच नाही. पंखावर बसून येऊ का?" तू हसलीस. मग हळूच म्हणालीस, "बघ ना जरा. मिळाली तर."

मिळाली होती.

तुझा फोन यायच्या आधी, दुपारीच. काउंटरवरच्या बाईंना मी सकाळपासून 'बहीण आजारी आहे, बहीण आजारी आहे' करून भंडावून सोडलं होतं. त्यांनी मला हाक मारून सांगितलं, एकच जागा आहे, रात्रीपर्यंत पोचाल. माझ्यामागे एक सुटाबुटातला गृहस्थ उभा होता. त्याने काही मागितलंही नव्हतं. मीच म्हणालो, यांना द्या. बाईंनी दोनदा विचारलं, "नक्की? आणि तुमची बहीण?" मी मान हलवली. त्या गृहस्थाने माझे दोन्ही हात धरले. त्याला कसल्याशा मीटिंगला जायचं होतं.

तू म्हणशील, दादाचा स्वभावच देऊन टाकायचा. मीही काल मनाची तशीच समजूत घालत होतो. पण ते खरं नाही गं. मी घाबरलो. रांगेत धडपडत होतो तोवर शूर होतो, जागा समोर आली आणि मागे सरलो. तुला आत नेतील, दार बंद होईल आणि मी बाहेर बसून राहीन, हे मला झेपणार नव्हतं.

आता धुकं गेलंय. खिडकीतून विमानं उडताना दिसतात. माझं संध्याकाळी आहे. तोवर या खोलीत मी, एक न उघडणारी खिडकी आणि पलंगावर ठेवलेला फोन. तुझ्यासाठी करता येईल असं माझ्या हातात काही म्हणजे काही नाही. बाहेर बसायला घाबरलो आणि शेवटी बाहेरच बसलोय, फक्त इतका लांब की दारसुद्धा दिसत नाही.

मेहुण्यांना हे सांगू नकोस. आणि माझ्यावर पाहिजे तेवढी रागाव, वर्षभर बोलू नकोस, वहिनीसमोर माझी लाज काढ. पण रागवायला तू हवीस, बुटके.

फोन वाजतोय. मेहुण्यांचाच आहे.

'यांना द्या' म्हणून पुढे करावा, असं इथे कुणी नाही. उचलतो.

तुझा, जसा आहे तसा,
दादा