बाबांचा नमस्कार

नान, उत्तर थायलंड, १२ नोव्हेंबर १९९८

प्रिय कन्लयाताई,

आम्ही ठीक आहोत. भात कापून झाला. डुकरीण व्याली, नऊ पिल्लं आहेत.

बाबांचा उजवा हात मार्चमध्ये लुळा पडला हे कळवलं होतं. त्यांना मसाज कोण करतं, ते लिहायचं मात्र टाळलं. मीच करते. दवाखान्यातल्या बाईंना विचारून, तू चोरून शिकवलास तसा. चटईवर निजवून आधी तळपाय, मग पोटऱ्या, शेवटी हळद-कापराची वाफवलेली पुरचुंडी खांद्यावर. पहिला महिना ते भिंतीकडे तोंड करून मला शिव्या घालत होते. पुढे शांत झोप लागायला लागली. चिडचिड गेली, जेवण मागून खायला लागले. खांद्याबरोबर माणूसच सैल झाला, ताई.

आज सकाळी मसाजाआधीच्या रिवाजाप्रमाणे बुद्धांच्या वैद्य जीवकाचं स्मरण करून मी बाबांना हात जोडणार, तेवढ्यात त्यांनीच जोडले. मला! उजवा हात कापत कापत वर आला आणि डाव्याला टेकला. हात हलला याचा आनंद व्हायचा सोडून मी मागेच सरकले. मोठ्यांनी लहानांना आधी नमस्कार करायचा? त्यानं लहानांचं आयुष्य घटतं, असं आजवर ऐकत आलोय ना आपण.

"बाबा, अहो काय करताय! माझं आयुष्य कमी करताय का?"

"गप गं. तुला कोण करतंय? थोरलीला आहे तो. ह्याच हातानं मारलं होतं तिला. सवय करून ठेवतोय."

पुरचुंडी हातातच गार झाली.

ताई, तू विहारात मसाज शिकतेस, परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावतेस, हे बाबांना कुणी सांगितलं असं तू अकरा वर्षं विचारते आहेस. शेजारच्या मावशीनं नाही. मी सांगितलं. तू मला सोबत नेलं नाहीस म्हणून मला राग आला होता. बाबा मारतील, तू घर सोडशील, असं वाटलं नव्हतं. मला हवं ते बोल, पण इथे येऊन बोल.

आणि दारात आल्या आल्या, चपला काढायच्या आधी तू हात जोड. बाबा रोज सराव करणार आहेत. त्यांचे हात तुझ्या आधी जुळता कामा नयेत.

तुझी चुगलखोर बहीण,
मालय