नाही म्हणण्याचं लायसन्स

प्रिय बाईसाहेब,

फोनवर तू मला 'हं' आणि 'बरं' एवढ्यावर गुंडाळतेस, म्हणून लिहायला बसलोय. कागद मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतो, पण ठेवणार नाहीस अशी आशा आहे. घर ठीक आहे. मीही ठीक आहे. माहेरी जाताना तू डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेलीस, त्यांचा उपयोग होतो. फक्त एका डब्यावर 'हे नाही' एवढंच लिहिलंयस. हे नाही म्हणजे काय नाही, ते कळवावंस. मी उघडलेला नाही.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे माझं डोकं का फिरलंय ते कळेल. आपल्या एजन्सीचे गार्ड असलेल्या त्या मोठ्या कापडदुकानाच्या मालकाने फर्मान काढलं, की बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईची पिशवी उघडून बघायची. दारावरच्या आपल्या जुन्या गार्डने सरळ नाही म्हटलं. नव्या गार्डने मात्र मालकाला खूश करायला एका शिक्षिकेची पिशवी ओढून घेतली आणि 'मालक येईपर्यंत बसा' म्हणून तिला मागच्या खोलीत बसवून दाराला कडी घातली. मी पोचलो तेव्हा बाई कापडाच्या गठ्ठ्यावर संतापून बसल्या होत्या. पिशवीत निघालं काय, तर रिकामा डबा आणि तपासायच्या वह्या. मी हात जोडून माफी मागितली आणि तक्रार करायची असेल तर पोलिसांत कशी करायची तेही सांगितलं. मालकाला हे झोंबलं. मी त्याला समजावलं, की साहेब, गार्ड विचारू शकतो, लक्ष ठेवू शकतो, पोलिसांना बोलावू शकतो. झडती घेणं, कोंडून ठेवणं हा त्याचा अधिकार नाही. डोक्यावर टोपी आली म्हणून तो पोलीस होत नाही. तर हा म्हणतो, मग तुमचा माणूस करतो काय, नुसता उभा राहतो? उभे राहायला माझ्याकडे काचेत पुतळे आहेत, ते पगार मागत नाहीत! आता याला काय डोंबल सांगायचं?

तिथून निघालो तो मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. त्यांना गार्डच्या खांद्यावर चांदण्या हव्यात आणि पोलिसांसारखा पट्टा. का, तर वचक बसतो. पोलिसांसारखा दिसणारा युनिफॉर्म आपल्याला चालत नाही, हे मी त्यांना आजवर किती वेळा सांगितलं असेल! तर म्हणे, अहो, लांबून कोण एवढं निरखतंय? मी म्हटलं, लांबूनच तर माणूस फसतो, म्हणून तर मनाई आहे. यावर त्यांनी विचार केल्यासारखं केलं आणि विचारलं, की बरं, मग सकाळी आमचा कुत्रा फिरवून आणायला तरी कायद्याची हरकत नाही ना?

एक गोष्ट मात्र चांगली घडली. गोदामाच्या फाटकावर आपल्याच माणसाने मला अडवलं. माझा बिल्ला घरी राहिला होता. तो रोज सकाळी शर्टाला कोण लावून द्यायचं, ते मी इथे लिहीत बसत नाही. गार्ड म्हणाला, साहेब, ओळखतो तुम्हाला, पण तुम्हीच शिकवलंय. मी बाहेर रस्त्यावर उभा राहिलो आणि आपल्या सुपरवायझरने बिल्ला आणून दिल्यावरच आत गेलो. सुपरवायझर त्या गार्डवर डोळे वटारत होता. मी मात्र गार्डची पाठ थोपटली. तुझं मत वेगळं असणार, ते मला इथूनही ऐकू येतंय.

आता तुझ्या धाकट्या बंधूंबद्दल. आमचे फौजदार. पोलिसांत शिपाई म्हणून भरती झाला त्या दिवशीच मी त्याला ते नाव दिलं, आणि बडतर्फ झाल्यावरही ते सुटलं नाही याचं मला वाईटच वाटतं. ड्यूटीवर पिऊन नाक्यावर ट्रकवाल्याला बडवलं, ते त्याने केलं. त्यानंतर दारू सोडली, तीही त्यानेच सोडली. तू म्हणतेस तो सुधारलाय. मी कधी नाही म्हटलंय? तुझ्या आईचं दुखणं त्याने एकट्याने काढलं. असा माणूस मला कुठल्याही फाटकावर चालेल. पण गैरवर्तनासाठी पोलिसांतून काढलेल्याला गार्ड म्हणून ठेवायचं नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. तो पुढे सुधारला की नाही, याला त्यात जागाच ठेवलेली नाही. मला ते पटतं असंही नाही. सुपरवायझर म्हणाला, मागच्या फाटकाला लावू, कुणाच्या बापाला कळतंय? आणि कळलं म्हणजे? एजन्सीचं लायसन्स गेलं की सगळ्या फाटकांवरची माणसं घरी बसतील. त्यांच्या बायकांना मी काय सांगू, मेहुण्याचा मान राखला?

त्याला आपल्याकडे गार्ड म्हणून घ्या असं तू म्हणालीस, त्या संध्याकाळी हे सगळं मी तुला सांगितलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मग ऑफिसच्या भिंतीवरच्या लायसन्सवरून तू सुरुवात केलीस. माझा एक फोटो कधी लावला नाहीत, आणि तो कागद चौकटीत घालून रोज पुसता! अगं, ते दिसेल असं लावणं बंधनकारक आहे, असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं, हे कळतं मला. मग तू म्हणालीस, नाही म्हणायला तुम्हाला मनापासून आवडतं. माझ्या भावासाठी कुणापुढे एकदा तोंड उघडलंत? कुणाला विचारलंत? मी म्हणालो, जे मला तोंडपाठ आहे ते मी दुसऱ्याला कशाला विचारू? आणि तू बॅग काढलीस.

बाईसाहेब, शाळा अर्धवट सोडून मी गार्ड झालो आणि फाटकावरच्या केबिनमध्ये बसून अक्षर अक्षर लावत हा कायदा वाचला. कुणी शिकवला नाही. वकील मला फोन करून विचारतात. त्यामुळे पुढचं लिहायला जड जातंय. गेल्या सोमवारी मी फौजदारांना बोलावून घेतलं आणि लायसन्सच्या कचेरीत गेलो. रांगेत उभे राहिलो. खिडकीतल्या कारकूनबाईंना मी विचारलं, की असा असा माणूस आहे, बडतर्फ झालेला, पण आता सुधारलाय. त्याला गार्ड म्हणून ठेवायला काही वाट आहे का? त्यांनी मान वर केली. लायसन्स कुणाच्या नावावर? माझ्या, मी म्हणालो. मग त्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, एजन्सी चालवता आणि एवढंही माहीत नाही तुम्हाला? मागे दोघेतिघे हसले. नियम तोंडात आला होता, गिळला. म्हणालो, नाही हो बाई, माहीत नव्हतं. म्हणून विचारायला आलो. वर साहेबांना विचारता येईल का, म्हटलं. त्यांनी वर पाठवलं. साहेबांनीही तेच सांगितलं, जरा जास्त वेळ लावून. त्यांनाही मी माहीत नव्हतं असंच म्हणालो. जिना उतरताना फौजदार म्हणाला, भाऊजी, तुम्हाला तर हे झोपेत विचारलं तरी येतं. मी म्हटलं, येतं. मग कशाला गेलात? मी म्हटलं, ताईला सांग विचारलं म्हणून. परवाच्या फोनवरून वाटलं, की त्याने तुला काहीच सांगितलेलं नाही. त्याला माझी लाज वाटली असेल, किंवा स्वतःची. म्हणून मीच लिहितोय. उत्तर तेच आलं, त्यात माझा इलाज नाही. पण विचारलं. आता रविवारची गाडी धरतेस, की त्यासाठीही कुठल्या खिडकीत जाऊन विचारू?

तुझाच,
अजून चिडलेला