पूल कुठे मोडेल

परभणी,
मंगळवार दुपार

प्रिय प्रियांका,

हे पत्र सुलाबाई तुझ्या हातात देईल. ती आमच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. तिची लेक चुडाव्यातच दिली आहे, तुमच्या दुकानामागच्या गल्लीत. उद्या ती लेकीकडे चालली आहे, गुरुवारी परत येईल. तिला वाचता येत नाही, तरी मी पाकीट चिकटवलं आहे. फोनवर सांगण्यासारखं हे नाही. आणि फोनवर तू भेटत नाहीस.

निकिताला शिबिर सोडून घरी जायचं आहे. कालही ती फाटकापर्यंत गेली होती. ही तिसरी वेळ. आमचे पंडितमामा फाटकावर असतात. त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली, "पोरी, ठेसन कुठं हाय ते तरी ठावं हाय का?" निकितानं त्यांना रस्ता सांगितला, कोणत्या वळणावर रिक्षा मिळते ते सांगितलं, गाडी किती वाजता सुटते आणि पूर्णेला किती थांबते तेही सांगितलं. मामा थट्टा विसरले. मला बोलवायला आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, ही रुसून निघालेली न्हाई. हिला काम हाय."

पहिले दोन दिवस सगळीच पोरं रडतात. पंधरा दिवस वसतिगृहात राहायचं, मोबाईल पहिल्याच दिवशी कपाटात, घरी फोन फक्त रविवारी. पालमचा एक योगीराज आहे, तो तर ताटावर बसून रडायचा आणि रडत रडत तिसरी पोळी मागायचा. आता त्याला कार्यशाळेतून बाहेर काढावं लागतं. तसं रडणं मला कळतं. निकिता रडली नाही. ती सगळं करते. मोटर उघडून जोडली, वायरी सोलल्या, पोरांना येत नाही ते त्यांना करून दिलं. संध्याकाळी माझ्यापुढे उभी राहते आणि एकच वाक्य बोलते, "मॅडम, मला घरी जाऊ द्या." मी तिच्या आईची, म्हणजे तुझी, मैत्रीण आहे हे तिला माहीत आहे. दोघीच असलो की मावशी म्हण, असं मी सांगितलं होतं. ती मॅडमच म्हणते.

तुला हे माहीत असावं म्हणून लिहिते. शिबिरातून निवडलेल्या मुलींचा पदविकेचा आणि वसतिगृहाचा सगळा खर्च आमची संस्था उचलते. निकिताचं नाव वर आहे, आणि ते मी वर ठेवलेलं नाही. मी तिला बोलावून हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसऱ्या कुणाला द्या." तिला नको असेल तर नको. मशीन सगळ्यांनाच आवडावं असं थोडंच आहे. पण मी तिचे हात पाहिले आहेत. नट सैल झाला की तिची बोटं आधी तिकडे जातात, डोळे नंतर. असे हात मी आधी एकदाच पाहिले होते. ताडकळसच्या शाळेत मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसायची ती मुलगी. नुसतं ऐकून सांगायची, कोणाच्या सायकलचा कोणता छर्रा गेलाय. सर स्वतःची सायकल तुझ्याकडे आणायचे आणि वर तुलाच ओरडायचे, पोरीच्या जातीनं हात काळे करू नयेत म्हणून.

तू मार्चमध्ये फोन केलास तेव्हा मला तेच आठवलं. नंबर तुझा नव्हता, शेजारणीचा होता. तू घाईत होतीस. "राजी, हिला तुझ्या शिबिरात घे. पंधरा दिवस तरी." एवढंच बोललीस. मी खूश झाले. मला वाटलं, तुझं राहिलेलं तू लेकीकडून करून घेतेस. सगळ्या आया तेच करतात. मी तिचं नाव घातलं आणि तुझ्या त्या वाक्याचा पुन्हा विचार केला नाही.

रविवारी निकितानं घरी फोन लावला. मी शेजारीच उभी होते. गोपाळरावांनी उचलला. किती गोड बोलतात ते. "बाळा, जेवलीस का? ऊन लय हाय, रुमाल बांधून फिर. काय लागलं तर सांग, दुकानातलं माणूस पाठवतो." तिनं आईला द्या म्हटलं. ते म्हणाले, "आई झोपलीय गं. उठवू का?" सकाळची वेळ होती, नळाला पाणी यायची. निकिता म्हणाली, "नका उठवू." फोन माझ्या हातात देऊन ती बाहेर जाऊन उभी राहिली. तू सकाळी झोपलीस यावर मी कसा विश्वास ठेवू? शाळेच्या सहलीत औंढ्याला आपण सगळ्या धर्मशाळेत झोपलो होतो, आणि उजाडायच्या आत तू प्रत्येकीच्या तोंडावर पाणी मारलं होतंस.

नंतर मीही फोन केले. एकदा तू देवळात गेली होतीस. एकदा पाणी भरत होतीस. मग गोपाळराव म्हणाले, "तिला फोनवर बोलायचा कंटाळा हो मॅडम, तुमाला तर माहितीच हाय तिचा स्वभाव." हो, मला माहीत आहे. बडबड करते म्हणून बाईंनी वर्गाबाहेर काढलं तर तू दारातून बोलत राहायचीस.

आता पुलाचं सांगते. दरवर्षी आम्ही पोरांकडून आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करून घेतो. दोन टेबलांच्या मधे तो ठेवायचा, खाली बादली टांगायची, बादलीत वाळू ओतत जायची. मोडेपर्यंत. सगळे पूल मोडतात, मोडण्यासाठीच ते असतात. पण वाळू ओतण्याआधी प्रत्येक गटानं आपला पूल कुठे मोडेल तिथे लाल शाईचा ठिपका द्यायचा. निम्मे गुण त्याला. हे आमच्या पोरांना कधीच जमत नाही. पूल बांधायला त्यांना काही वाटत नाही, ठिपका द्यायला वाटतं. आपणच केलेली वस्तू मोडेल असं आपल्याच हातानं कसं दाखवायचं? योगीराज म्हणाला, "मॅडम, असं अभद्र बोलू न्हाई. आमचा मोडतच न्हाई." त्याच्या गटानं ठिपका दिला नाही, उलट पुलाला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडू का म्हणून विचारलं. मी हसले. बादली अर्धीही भरली नाही. पूल मधोमध गेला आणि वाळू त्याच्याच चपलांवर सांडली. दुसऱ्या गटानं ठिपका दिला, पण खालच्या बाजूनं, कोणाला दिसू नये असा.

निकितानं ठिपका दिला. मधे नाही, डाव्या टोकाकडच्या एका सांध्यावर. तिच्या गटातल्या पोरी तिच्यावर चिडल्या. "एवढी मरमर करून बांधला आणि आता तूच त्याच्या वाईटावर टपलीस व्हय?" तिनं ठिपका तसाच ठेवला. वाळू पडू लागली तसे सगळे पुलाकडे बघत होते. ती बघत नव्हती. मान खाली घालून ती ऐकत होती. बादली जवळजवळ भरली होती. तिनं शेजारच्या पोरीचा दंड धरून तिला मागे ओढलं, आणि मग पूल मोडला. ठिपक्यावर.

पोरांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत निकिता खाली बसलेली होती. तिनं मोडलेल्या काड्या ओंजळीत भरल्या, वाळू हातानंच लोटून बादलीत घातली, बादली भिंतीला लावली, ओढणीच्या टोकानं फरशी पुसली. टेबलं होती तशी लावली. कोणी सांगितलं नव्हतं. दुसरा कोणताही गट असं करत नाही, आवरायला आम्हाला ओरडावं लागतं. सगळं जागेवर गेल्यावर ती उभी राहिली आणि आमच्याकडे बघून हसली. तिथे काही झालंच नव्हतं असं हसली. प्रियांका, ते हसू तुझं होतं. दिवाळीत ताडकळसच्या बाजारात तू भेटलीस तेव्हाचं. तू मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातला होतास आणि मी म्हटलं होतं, ही कुठली फॅशन गं.

काल फाटकावरून तिला आणलं आणि आम्ही दोघी कार्यशाळेच्या ओट्यावर बसलो. तिला एकदम घरचं विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून पुलाचं विचारलं. म्हटलं, मोडणार हे तुला आधी कसं कळलं? ती म्हणाली, "आवाज येतोच की आधी. शटर कसं पडतं त्याच्यावरून कळतं." आणि थांबली. मी पुलाबद्दल विचारलं होतं, तिनं घराबद्दल सांगितलं होतं, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं होतं.  ती चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिली. मग तिनं सांगितलं. दुकानाचं शटर हळू आलं तर सगळे नीट जेवतात. आदळलं तर तू तिला शेजारी पाठवतेस, अभ्यासाला. ती पुस्तक घेऊन जाते आणि मागच्या दारानं परत येते, आणि तुझ्याजवळ बसते. "मी असले की बाबा हात उचलत न्हाईत." मग लगेच म्हणाली, "रोज न्हाई हां मावशी. चांगले बी हायत. मला सायकल त्यांनीच आणली." तेव्हा ती पहिल्यांदा मला मावशी म्हणाली.

मी तिला विचारलं, आईनंच तुला इथे पाठवलं ना? ती म्हणाली, "तिला वाटतं मी बघू नये. पण मी न्हाई बघितलं तर तिथं कोण हाय?"

तर असं आहे. तू तिला लांब ठेवण्यासाठी इथे पाठवलंस. ती तुझ्याजवळ राहण्यासाठी इथून जाते आहे, आणि तेवढ्यासाठी पदविका, वसतिगृह, सगळं दुसऱ्या कोणाला द्या म्हणते आहे. सोळा वर्षांच्या पोरीनं आईच्या अंगणात पहारेकरी व्हायचं ठरवलं आहे. तिला मी काय सांगू? इथे राहा, शीक, आईचं आई बघेल, असं सांगू? ते ती ऐकणार नाही, आणि ऐकलं तर मला ती आवडणार नाही. कुलूप लावून ठेवू? मग तिला अजून एक घर झालं, जिथे कान देऊन बसायचं.

आज सकाळी गोपाळरावांचाच फोन आला. शनिवारी समारोप आहे. "मी सोता गाडी घेऊन येतो मॅडम, लेकराला घेऊन जातो. प्रियांकाला उगंच दगदग नको." मी हो म्हणाले. म्हणून तू शुक्रवारी ये. सकाळच्या गाडीनं, एकटी. कोणी विचारलं तर शिबिरात आयांची सभा आहे म्हणून सांग. खोटं नाही ते, सभा मी ठेवली आहे. बाकीच्या मुलींच्या आयांनाही निरोप गेले आहेत, आणि सुलाबाईला पोह्यांचं सांगितलं आहे. निकिताची शाळेची कागदपत्रं तेवढी बरोबर घे, आणि तुझी. कपडे नको, माझे होतील. माझ्या दोन खोल्या आहेत. घरमालकीण धुरपताबाई वर राहते. तिला मी सांगितलं, माझी मैत्रीण आणि तिची मुलगी येणार आहेत, किती दिवस ते माहीत नाही. तिनं एवढंच विचारलं, "पाणी कसं पुरवायचं गं तिघीला?" मी म्हटलं, आणखी एक टाकी घेऊ. त्यावर ती काही बोलली नाही, म्हणजे झालं. पुढचं मी ठरवलेलं नाही. माहेरी सांगायचं का, चौकीत जायचं का, परत जायचं का, ते तू इथे बसून ठरव. घाई नाही. मला फक्त शुक्रवारपर्यंतचं दिसतं आहे, आणि हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. कारण आज जेवून उठताना निकिता पुन्हा फाटकाकडे बघायला लागली, आणि मी तिला सांगून टाकलं की शुक्रवारी तुझी आई येते आहे. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "भेटायला का राहायला?" मी म्हणाले, राहायला. तुला न विचारता म्हणाले.

तुझीच,
राजेश्री