पाण्यात विझणारा ऑक्सिजन

९ जुलै, चंद्रपूर
नुसत्या ॲसिटोनायट्राइल द्रावकात विरघळवलेलं अँथ्रासीन निळ्या दिव्याखाली पार संपलं. पाणी मिसळलेल्या बाटलीत अर्धंही नाही. दिवा तोच, रंगद्रव्य तेच, द्रावक तेवढा वेगळा. उजेड पिऊन रंगद्रव्य ऑक्सिजनला चेतवतं, तो अँथ्रासीन जाळतो, नि पाणी त्याला लगेच विझवतं. सर म्हणाले, प्रमाण बदलून पुन्हा कर. पाण्याचा वैताग आलाय.

११ जुलै
ताईचं बाळ पिवळं पडलं. गडचिरोलीला दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवलंय. रक्तातल्या काविळीचा आकडा वाढला तर नागपूरला नेऊन रक्त बदलावं लागेल. सरांना सांगून निघाले.

१२ जुलै, गडचिरोली
बाळाच्या डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट. माझ्या बाटल्यांवर पडतो तोच निळा. बघवेना, म्हणून दिव्याचं अंतर बघत बसले. ताई म्हणाली, "मापून झालं असंल तं हात धुवून घे, ॲसिडवाली मावशी."
हात धुवून बाळाच्या तळव्याला बोट लावलं. पायाची बोटं त्यावर मिटली.

धानोऱ्याहून आई आली. रडली नाही. बाहेर बाकावर म्हणाली, "तुह्या लॅबमधी या उजेडानं वस्तू जळते म्हनत होती ना तू? मंग लेकरू?"
मीच सांगितलं होतं तसं.

१३ जुलै
चहा देताना आईला सांगितलं. ते पिवळं पाण्यात विरघळत नाही, म्हणून अंगात साचतं. उजेडाने त्याचा आकार बदलतो, मग बाहेर पडतं. जळणं थोडंच. चेतलेला ऑक्सिजन पाण्यात टिकत नाही, आणि बाळ म्हणजे बरंचसं पाणीच.
"खरं सांगून राह्यली का माह्या समाधानासाठी?"
दोन्ही, मी म्हणाले.
पण शरीर म्हणजे बाटली नव्हे. डॉक्टरांनाही विचारलं. म्हणाले, अंगातलं पाणी कमी पडू देऊ नका, दूध पाजत राहा. पाण्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

१४ जुलै
आकडा उतरला. दुपारी दिवा बंद. पट्टी काढली, तेव्हा डोळे मिचकावून रुसल्यासारखं तोंड केलं. आकडा पुन्हा चढू शकतो म्हणे. रंग बघायला गेले, पण इतका वेळ निळ्यात बसून माझ्या डोळ्यांना चादरही पिवळी दिसतेय. आईला म्हटलं, तूच बघ.
"मले तं लेकरूच दिसून राह्यलं."
उद्या तपासायला बाळाच्या टाचेतून पुन्हा रक्त घेणार. टाच आत्ता माझ्या डाव्या मुठीत आहे, उजव्या हाताने हे लिहितेय.