फ्रिजवरच्या कोंबाची राखण

नाशिक, गुरुवार दुपार

चि. धनराजला आक्काचे पोटभर आशीर्वाद. पुण्यात तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे तुझ्या लेकाकडून, महेशकडून कळलं, जीव भांड्यात पडला. पट्टी आहे तोवर हे पत्र सृष्टीच तुला वाचून दाखवणार, म्हणून तुझ्या त्या पुण्याच्या लेकीलाही आशीर्वाद. (फोन का नाही केला, विचारू नकोस. फोनवर तू मधे मधे बोलतोस.)

तुझ्या कोंबाची राखण चालू आहे. मखमलाबादचं रान विकल्यापासून तू जेवायचास तेही आमच्यावर उपकार केल्यासारखं. पाच महिने वाट पाहून पक्ष्याच्या तोंडासारख्या दिसणाऱ्या त्या परदेशी फुलाचं एक बी उगवलं, तेव्हा कुठे तू आपणहून मला फोन केलास आणि हसलास. ते मी विसरले नाही, म्हणून तर कांद्याची लागवड सुनेवर टाकून चांदवडहून महेशच्या या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसले. आठ बिया कानशीने घासायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, ऊब मिळावी म्हणून कुंडी फ्रिजवर ठेवायची! आईने हे पाहिलं असतं तर तुलाच फ्रिजवर बसवलं असतं.

दुपारी महेश-रूपाली कामावर गेले की मी कुंडी खिडकीशी घेते आणि शेजारी बसते. इथे इतकं शांत असतं की हळूहळू आपलं रान दिसायला लागतं. झेंडूचे वाफे, पाटाचं पाणी, तू पुढच्या सरीत, मी मागच्या, आणि तू गाणं म्हणतोयस (गळा तेव्हाही वाईटच होता). भानावर येते तर चहाची वेळ झालेली असते. सुख म्हणतात ते बहुतेक हेच. काल व्हिडिओ कॉलवर सृष्टीला कुंडी दाखवली. हिरवंगार होतं, विचार तिला.

पथ्य पाळ, खाली वाकू नकोस.

तुझी आक्का,
लंका

ता. क. – सृष्टी, हे मनातल्या मनात वाच. मंगळवारी मी अशीच रानात हरवले होते आणि हात आपला निंदत होता. पन्नास वर्षं कांदा निंदलेला हात तो, गवताचं टोक दिसलं की उपटतो, मला विचारत नाही. भानावर आले तेव्हा कोंब चिमटीत होता आणि खाली काळं बी लोंबत होतं. लगेच परत लावला, पण काल सकाळी त्याने मान टाकली. मी रडले गं. तू पाहिलास तो लसूण आहे, रूपालीच्या टोपलीत मोड आलेली पाकळी. पुण्यात कुठल्या नर्सरीत तसलं रोप मिळालं तर गुपचूप घेऊन ये.

ता. क. २ – नको, राहू दे. वरचं सगळं त्याला मोठ्याने वाचून दाखव. धनराज, चुकले रे मी. उरलेल्या सात बिया उकरून पाहिल्या, एकही कुजलेली नाही. पट्टी निघाली की कुंडी घेऊन चांदवडला ये आणि तिथेच राहा. चुलीमागे ऊब भरपूर आहे, आणि रोपं मोठी झाली की लावायला विहिरीजवळचे दोन गुंठे तुझ्यासाठी मोकळे ठेवलेत. फूल यायला पाच वर्षं लागतात म्हणे. पंच्याहत्तरीची मी थांबायला तयार आहे, तू तर अजून एकाहत्तरचाच आहेस.