खिडकीजवळची पहिली खुर्ची

रविवार, ५ जुलै १८९६, शिकागो
आज चर्चमध्ये माझं भाषण. विषय: समान हक्क. ‘हा टॉलिव्हर कुणापुढे वाकणार नाही!’ या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट. परतताना बायकोनं, ड्रुसिलानं, विचारलं की मग माझ्या भावाची दाढी तुमच्या दुकानात पुढच्या खुर्चीवर कधी होणार?
बायकांना धंदा कळत नाही. पुढच्या तीन खुर्च्या, मोठ्या खिडकीसमोरच्या, गोऱ्या साहेबांच्या. आपल्या माणसांसाठी मागच्या खोलीत एक खुर्ची आहे, दुकान बंद झाल्यावर, गल्लीच्या दारानं. आपल्या जातभाईंची सगळी बडी दुकानं अशीच चालतात. नाहीतर गोरे फिरकत नाहीत. मी काळा, दुकान माझं, पण पद्धत माझी नाही.
तरी ठरवलं. उद्यापासून जो येईल तो पुढे बसेल. कायदाही आपल्याच बाजूनं आहे.

सोमवार, ६ जुलै
भयंकर उकाडा. शिवाय सोमवारी जजसाहेब येतात, माझं सगळ्यात बडं गोरं गिऱ्हाईक. क्रांती सोमवारी सुरू करू नये.

बुधवार, ८ जुलै
भर दुपारी आपल्यातलेच एक रुबाबदार गृहस्थ पुढच्या दारानं आत. डॉक्टर ऑर्म्सबी. आपल्या लोकांनी नवं हॉस्पिटल काढलंय, तिथले सर्जन. जजसाहेब फेसात होते (आज बुधवारीही आले). पहिली खुर्ची रिकामी. माझ्या जिभेवर एक जळजळीत वाक्य तयार होतं, ते जजसाहेबांसाठी. पण डॉक्टरांना मी हळू आवाजात म्हणालो की संध्याकाळी या, गल्लीतून. खुर्चीचा स्क्रू ढिला आहे.
त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हॅट घातली आणि गेले.
नंतर स्क्रू तपासला. घट्ट होता. तरी आणखी आवळला. मी खोटं बोलणारा माणूस नाही.

शनिवार, ११ जुलै
अनर्थ. मेहुणा लेम्युएल दारूच्या गुत्त्यात भांडण सोडवायला गेला आणि छातीत सुरा खाऊन पडला. आपल्याच हॉस्पिटलात नेला. समोर डॉक्टर ऑर्म्सबी. म्हणाले, जखम काळजापर्यंत गेलीय, छाती उघडून टाके घालावे लागतील. काळजाला टाके! मी फक्त खबरदारी म्हणून विचारलं की एखाद्या मोठ्या डॉक्टरांना बोलवायचं का, म्हणजे गावातल्या, म्हणजे... गोऱ्या.
ड्रुसिला म्हणाली, मिस्टर टॉलिव्हर, बाहेर जाऊन बसा. मिस्टर म्हणाली की समजायचं, घरात आठवडाभर थंड जेवण.
बाहेर बसलो. डॉक्टरांच्या दाढीचे खुंट वाढलेले होते, हे मात्र माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मंगळवार, १४ जुलै
लेम्युएलनं आज हॅम मागितलं. आणि अंडी. आणि वर नर्सला डोळा मारला. मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडलो. लोक बघत होते, बघू देत.
डॉक्टरांचा हात धरला आणि सांगितलं की शनिवारी दुपारी बारा वाजता माझ्या दुकानात या, पहिली खुर्ची, खिडकीत, वस्तरा माझ्या हातात. त्यांनी विचारलं, पुढच्या दारानं? मी म्हणालो, दुसरं दार कुणाला माहीत आहे! शब्द दिला. टॉलिव्हरचा शब्द!

गुरुवार, १६ जुलै
पेपरात बातमी आली. जजसाहेब फेसातून म्हणाले, तुमच्यातल्या कुणी काळजाला टाके घातले म्हणे, टॉलिव्हर, काहीतरी बाता! वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता. तो काळजाचा माणूस माझा सख्खा मेहुणा. मी म्हणालो, जी साहेब.
पण कुठल्या आवाजात म्हणालो! समजणाऱ्याला समजलं असेल.

शुक्रवार, १७ जुलै
खुर्ची पुसून आरशासारखी लख्ख केली. नवा टॉवेल. सुगंधी पाण्याची नवी बाटली. ड्रुसिलानं माझा एप्रन स्वतः इस्त्री केला. जेवण गरम होतं. उद्या अख्ख्या रस्त्यानं बघावं.

शनिवार, १८ जुलै
बाराला थोडा अवकाश होता आणि जजसाहेब दोन मित्रांना घेऊन हजर. शनिवारी! त्यांचा वार नाही! तिघे तिन्ही खुर्च्यांवर.
मी डॉक्टरांचाच विचार केला. या लोकांच्या नजरा त्यांनी का सोसायच्या? त्यांच्या मानासाठीच मी खिडकीचा पडदा ओढला, दाराला कडी घातली आणि बंदची पाटी फिरवली. जजसाहेबांनी विचारलं, भर दुपारी अंधार कशाला? म्हणालो, आपल्या डोळ्यांवर ऊन येतं साहेब.
चर्चची घंटा वाजली. पडद्यावर हॅटची सावली आली. शेजारी दुसरी सावली, काठी टेकणारी, म्हणजे लेम्युएल. अंथरुणातून उठून बघायला आला होता मूर्ख. दोघे बराच वेळ उभे होते. मग पडद्यावर नुसतं ऊन राहिलं.
जजसाहेबांच्या हनुवटीला किंचित कापलं. हत्यारच तसलं. उद्या बदलतो.

रविवार, २३ ऑगस्ट
चर्चमध्ये माझं दुसरं भाषण. विषय: ताठ कणा. याही वेळी ‘कुणापुढे वाकणार नाही’ होतं, पण लोकांचं लक्ष नसावं, टाळ्या वाजल्या नाहीत.
पहिल्या बाकावर डॉक्टर ऑर्म्सबी, लेम्युएल आणि मधे ड्रुसिला. डॉक्टरांनी दाढी वाढवलीय. शोभते, मोकळेपणानं सांगतो. लेम्युएलनंही वाढवलीय. मग नीट पाहिलं तर मागच्या खोलीतली माझी सगळी गिऱ्हाइकं, कोळशाच्या वखारीतला एझ्रासुद्धा, जो दर आठवड्याला गल्लीच्या दारानं यायचा, सगळे दाढीवाले. नवी फॅशन दिसते. फॅशन काय, येते आणि जाते. घाबरणाऱ्यांतला मी नाही.
सबंध चर्चमध्ये गुळगुळीत हनुवटीचा पुरुष मी एकटाच होतो.